कॉम्प्युटर क्लबात पोरांना रूट द्यायचं की नाही?

कर्नल_पॅनिक
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण पूर्ण वाचा, कारण सोमवारी एचओडींकडे काहीतरी लेखी घेऊन जायचंय. मी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बीईला आहे (नाव नको), आमच्या कॉम्प्युटर क्लबची यंदाची सेक्रेटरी. क्लबकडे लॅबमधून बाद झालेला एक सर्व्हर आहे, त्यावर क्लबची वेबसाईट, इव्हेंटचे रजिस्ट्रेशन फॉर्म, पोरांचे प्रोजेक्ट, सगळं एकाच ठिकाणी. आणि पहिल्यापासून रीत अशी की एसईला (दुसऱ्या वर्षाला) कमिटीत आलात की सुडो, म्हणजे अख्खं रूट, मशीनवर काहीही करायची मुभा. मी स्वतः लिनक्स असंच शिकले.

तर झालं असं की एका ज्युनिअरने प्रोजेक्टसाठी डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवायचं साधन) रेडिस नावाचा डेटाबेस चालू केला, पासवर्ड न लावता. फायरवॉल होता हो, यूएफडब्ल्यूमध्ये २२, ८० आणि ४४३ हे पोर्ट सोडून सगळं बंद. तरी कोणीतरी आत घुसून मायनर (आमच्या मशीनवर क्रिप्टो कमावणारा प्रोग्रॅम) बसवला, सीपीयू शंभर टक्के, आयटी सेलला बाहेरून तक्रार आली आणि त्यांनी येऊन सरळ केबलच काढली. आता एचओडी सरांचा नवा फतवा असा की विद्यार्थ्यांना सुडो नाही, पासवर्ड फक्त फॅकल्टी कोऑर्डिनेटरकडे, साधं पॅकेज टाकायचं तरी अर्ज करायचा. मग क्लब कशाला ठेवायचा, पीपीटी दाखवायला? पण दुसऱ्या बाजूने सर चूक आहेत असंही म्हणवत नाही. तुमच्याकडे कसं असतं, काय मागावं?

तिरकस
लॅबच्या दारावर पाटी लावा. "येथे सुडो मिळत नाही. विचारून स्वतःचा व आमचा वेळ घालवू नये." प्रश्न मिटला.

जुनंखोड
कर्नलबाई, त्या ज्युनिअरला फासावर चढवण्याआधी एक ऐका. यूएफडब्ल्यू चालू असून पोर्ट उघडा राहिला यात त्याचा निम्मासुद्धा दोष नाही. डॉकर पोर्ट पब्लिश करतो तेव्हा आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये, स्वतःचे नियम घालतो आणि ते पॅकेट यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही, बाजूने निघून जातं. यूएफडब्ल्यूचं स्टेटस बघाल तर बंद दिसतं, बाहेरून बघाल तर सताड उघडं. डॉकरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे, फक्त ते वाचतं कोण. वर रेडिसच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये प्रोटेक्टेड मोड बंद असतो, कारण कंटेनर एकमेकांशी बोलायला हवेत. साधं रेडिस टाकलं असतं तर ३.२ व्हर्जनपासून ते पासवर्ड नसताना बाहेरच्याला दारातूनच परत पाठवतं. पोर्ट पब्लिश करताना पुढे १२७.०.०.१, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरतं, असं लिहिलं असतं तर एवढं रामायण झालंच नसतं.

आता फतव्याबद्दल. सुडो काढलं म्हणताय, पण डॉकर ग्रुपातून, म्हणजे डॉकर चालवायची परवानगी असलेल्यांच्या यादीतून, नावं काढलीत का? त्या ग्रुपातला कोणीही होस्टची डिस्क कंटेनरमध्ये माउंट करून रूट म्हणून हवं ते वाचू शकतो, लिहू शकतो. तसंच अर्धवट सुडो देताना "फक्त व्हिम (एडिटर) चालवू दे, फक्त लेस (फाइल वाचायचा प्रोग्रॅम) चालवू दे" असं कोणी सुचवलं तर नको म्हणा, दोन्हीतून शेल, म्हणजे कमांड टाकायची जागा, उघडता येतो. म्हणजे तुमच्या सरांनी कुलूप लावलंय, पण खिडकीचं काय ते त्यांना माहीतच नसणार, आणि क्लबातल्या पोरांना माहीत असणार.

रात्रपाळी
खराडीत एका कंपनीच्या सिक्युरिटी टीममध्ये आहे, रात्री अलर्ट बघणं हेच काम. दोनच गोष्टी. मायनर काढून टाकून मशीन परत लावू नका, पूर्ण पुसून नव्याने इन्स्टॉल करा. रेडिसमधून आत आलेले लोक बऱ्याचदा क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) किंवा एसएसएचच्या (लांबून लॉगिन करायची सोय) ऑथराईज्ड कीजमध्ये आपली सोय करून ठेवतात. त्या मशीनवर ज्यांच्या कीज किंवा पासवर्ड होते ते सगळे बदला.

आणि "आमच्या छोट्याशा क्लबात कोणाला रस" हा गैरसमज सोडा. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१३ साली झीमॅप हे स्कॅनर काढलं तेव्हाच एका साध्या मशीनवरून अख्ख्या इंटरनेटचे आयपीव्ही४ पत्ते एका पोर्टसाठी पाऊण तासाच्या आत तपासून होत होते. तुम्हाला कोणी शोधत नाही, सगळ्यांनाच सतत चाचपत असतात, त्यात तुम्ही सापडता.

लॅबवाल्या_मॅडम
मी दुसऱ्या कॉलेजात आहे पण तुमच्या सरांच्या खुर्चीत बसते म्हणून लिहिते. इथे सगळे सरांना व्हिलन करायच्या आधी हे बघा की तक्रार आल्यावर फोन कोणाला येतो. क्लबच्या सेक्रेटरीला येत नाही. कोऑर्डिनेटरला येतो, मग लॅब असिस्टंटला, आणि तो बिचारा तुमचं मशीन कुठे आहे हे शोधत फिरतो. पोरं जूनमध्ये पास होऊन जातात, नवीन कमिटी येते, जुन्या कोणाचे अकाउंट चालू आहेत हे कोणालाच ठाऊक नसतं. मी एकदा आमच्या क्लबची यूजर लिस्ट काढायला लावली तर त्यात अशी नावं होती की ज्यांची लग्नं होऊन मुलं शाळेत जायला लागलीयेत.

आणि कर्नल, तू सहज लिहून गेलीस की रजिस्ट्रेशन फॉर्म त्याच मशीनवर आहेत. म्हणजे शेकडो मुलींचे मोबाईल नंबर, पीआरएन (युनिव्हर्सिटीचा नोंदणी क्रमांक), ईमेल. ज्या मशीनवर पोरं प्रयोग करतात त्याच्यावर. मला मायनरपेक्षा याची जास्त भीती वाटते. मायनरने वीज खाल्ली, नंबर बाहेर गेले असते तर? २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा आलाय, आणि कायदा नसता तरी त्या मुलींना काय तोंड दाखवणार होता?

नवीनच_आलोय
मी एसईला आहे, वेगळ्या कॉलेजात, पण मला मॅडमचं अर्धं पटलं आणि अर्ध्याचा राग आला. आमच्या क्लबात ऑलरेडी तुमच्या एचओडींचाच नियम आहे. तीन सेमिस्टरमध्ये मी काय केलं तर ऑडिटोरियममध्ये खुर्च्या लावल्या, पोस्टर बनवले आणि "लिनक्स हँड्स ऑन वर्कशॉप" नावाचा कार्यक्रम अटेंड केला ज्यात दादा प्रोजेक्टरवर कमांड टाइप करत होता आणि आम्ही मोबाईलवर फोटो काढत होतो, सर्टिफिकेट मात्र छान जाड कागदावर मिळालं. घरी लॅपटॉप चार जीबीचा आहे, त्यावर व्हर्च्युअल मशीन लावलं की ब्राउझर रडतो. ज्यांच्या घरी भारी मशीन आहे ते कुठेही शिकतील, आमच्यासारख्यांना क्लबच आहे, तेच बंद केलं की झालं.

पेठेतली_पोरगी
@नवीनच_आलोय, खुर्च्या लावण्याचं वाचून पोटात तुटलं रे, दहा वर्षं झाली तरी तेच चालूये म्हणजे.

मला वाटतं सगळे "रूट कोणाला" यावर भांडतायत, आधी बघायला हवं ते "रूट कशावर". कर्नलच्या सर्व्हरवर दोन प्रकारच्या गोष्टी एकत्र नांदतायत, एक क्लबची स्वतःची, जी मोडली तर क्लबच रडेल, आणि दुसरी इतर लोकांची, ज्यांना क्लबशी देणंघेणं नाही, फॉर्म भरला एवढाच त्यांचा गुन्हा. पहिल्यावर अगदी एफईच्या पोरालासुद्धा रूट द्या, मोडू दे, दुसऱ्यावर बीईच्या टॉपरलाही सहज मिळता कामा नये. इयत्ता बघून रूट देणं हीच मुळात गडबड आहे, टीईला आला म्हणून कोणी सावध होत नाही.

तर फॉर्म आधी तिथून हलवा, कॉलेजच्या सिस्टिमवर न्या, आणि इव्हेंट संपला की डेटा उडवा. गेल्या वर्षीच्या हॅकेथॉनचे मोबाईल नंबर क्लबाला यावर्षी कशाला हवेत? मग त्या जुन्या मशीनवर प्रॉक्समॉक्स टाका, म्हणजे एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवता येतात, प्रत्येकाला एक छोटं व्हर्च्युअल मशीन, एक जीबी रॅमसुद्धा टर्मिनलपुरती पुष्कळ, आत तो राजा. बिघडलं की स्नॅपशॉटवर, म्हणजे आधी जपलेल्या स्थितीवर, परत. हे सगळं वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच वायरींवरच्या वेगळ्या नेटवर्कवर, कॉलेजच्या ऑफिसच्या नेटवर्कला तिथून रस्ताच नको, आणि बाहेरून आत येणारं फक्त एक दार, तेही एसएसएच कीने, पासवर्ड बंद.

तिरकस
वा, म्हणजे पोरांना भातुकली दिली. खोटा सर्व्हर, खोटे यूजर, खोटी साईट. मोडलं तरी कोणी ओरडत नाही. असं शिकून बाहेर पडलेला सिस्टिम ॲडमिन पहिल्या दिवशी प्रोडक्शनमध्ये काय दिवे लावेल ते मी बघितलंय.

रात्रपाळी
तिरकस पहिल्यांदाच कामाचं बोलला. मी इंटरव्ह्यू घेतो तेव्हा हे दिसतं, पोराला वॉरगेममधल्या (हॅकिंगच्या सरावाचे ऑनलाइन खेळ) सगळ्या लेव्हल येतात, पण "साईट बंद आहे आणि तीस लोक वाट बघतायत, आधी काय बघशील" म्हटलं की ब्लँक. जबाबदारी ही गोष्ट भातुकलीत येत नाही.

बाहेर हे जुनं दुखणं आहे आणि त्यावर उपायही झालेत. बर्कलीला ओपन कम्प्युटिंग फॅसिलिटी म्हणून १९८९ पासून विद्यार्थीच चालवतात, वेब होस्टिंग, प्रिंटिंग, लॅब, खरे यूजर. तिथे स्टाफ आणि रूट असे दोन वेगळे गट आहेत, सगळ्या स्टाफला रूट नसतं. पण मला आवडलेली गोष्ट ही की त्यांच्या सर्व्हरची बरीचशी सेटिंग फाइलींमध्ये लिहिलेली आहेत आणि त्या गिटहब या कोडच्या साईटवर उघड्या आहेत. म्हणजे रूट नसलेल्या पोरालाही बदल लिहून पाठवता येतो, सिनिअर तो वाचतो, शंका काढतो, मग तो लागतो. खऱ्या सर्व्हरला पोराचा हात लागला पण मध्ये एक डोळा होता.

पेठेतली_पोरगी
हो, मला दोन्ही हवंय. ढोल-ताशा पथकात बघा, दोन महिने नदीपात्रात कितीही चुका, कोणी काही म्हणत नाही, पण विसर्जनाला लक्ष्मी रोडवर कोण वाजवणार हे तिथला सराव बघून ठरतं आणि नवीन माणूस जुन्याच्या शेजारी उभा राहतो. तसं वेबसाईटच्या मशीनवर आठवड्याला एक जोडी, एक जुना एक नवा. कीबोर्ड नव्याकडे. जुन्याने हात मागे बांधून बसायचं, हे त्याला जास्त जड जातं.

जुनंखोड
जोडीची कल्पना झकास. भातुकलीबद्दल मात्र तिरकसशी सहमत नाही, भातुकली चांगली मांडता यायला हवी, एवढंच. मी कंपनीत नवीन मुलांसाठी शनिवारी मोडतोड करून ठेवायचो. उदाहरणार्थ मशीनवर लाखो रिकाम्या फाइली बनवून आयनोड (डिस्कवर प्रत्येक फाइलीला लागणारी नोंद) संपवायचे. पोरगं डिस्क बघतं, निम्मी रिकामी, तरी एक फाइल बनत नाही, "नो स्पेस" म्हणतं. डोकं धरून बसतात. मग कोणालातरी सुचतं की आयनोड वेगळे मोजायचे असतात. दुसरा आवडता खेळ म्हणजे चालू प्रोसेसने उघडलेली मोठी लॉग फाइल डिलीट करायची, फाइल दिसत नाही पण जागा सुटत नाही, कारण प्रोसेसने ती अजून धरून ठेवलीये, एलएसओएफ या कमांडने शोधावी लागते. सर्टिफिकेट एक्स्पायर करून ठेवा, डीएनएसची सेटिंग बिघडवा. यात सिक्युरिटीचं पण आलं, मुद्दाम कमकुवत पासवर्डचा यूजर बनवा आणि पोरांना म्हणा ऑथचा लॉग (लॉगिनच्या नोंदी) वाचून सांगा कोण, कुठून, कधी आला. लॉग वाचायला पोरं एरवी कंटाळतात, चोर पकडायचा म्हटलं की रात्र काढतात.

आणि बॅकअप. दर महिन्याला क्लबातल्या सगळ्यात नवीन माणसाने बॅकअपवरून अख्खी साईट दुसऱ्या मशीनवर उभी करायची, सिनिअरने बोलायचं नाही. जिथे तो अडेल तिथे तुमचं डॉक्युमेंटेशन कच्चं आहे.

हॉस्टेल_ब्लॉक_सी
धागा चांगलाय म्हणून विचारतो, आमच्या क्लबातली एक दोन पोरं हॉस्टेलच्या वायफायवर एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारं) आणि वायरशार्क (नेटवर्कवरचं ट्रॅफिक दाखवणारं) चालवतात, शिकण्यासाठीच, काही चोरत नाहीत. रेक्टर म्हणतात पोलिसात देईन. एवढं काय आहे त्यात?

रात्रपाळी
आहे. आयटी ॲक्ट २००० चं कलम ४३ वाचा, मालकाच्या किंवा ताबा असलेल्या माणसाच्या परवानगीशिवाय सिस्टिममध्ये किंवा नेटवर्कमध्ये शिरणं, डेटा उतरवून घेणं, सगळं त्यात येतं. आणि तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं की कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमचा हेतू शिकायचा होता हे तुम्ही म्हणणार, पण ते पटवून देण्याची वेळ चौकीत येऊ नये. क्लबच्या व्हीलॅनवर मेटास्प्लॉइटेबल नावाचं सरावाचं मशीन उभं करा, ते मुद्दाम भोकं ठेवूनच बनवलंय, त्याला हवं तेवढं ठोका. आणि त्यासाठीही कॉलेजकडून एक पानी लेखी परवानगी घ्या, कुठली आयपी रेंज, कुठल्या वेळी, कोण कोण. वायरशार्कमध्ये रूममेटचं ट्रॅफिक बघणं हा तर अभ्यासही नाही, आगाऊपणा आहे.

जुनंखोड
परवानगीवरून मॉरिसची गोष्ट सांगतो, नवीन पोरांना माहीत नसेल. २ नोव्हेंबर १९८८. रॉबर्ट मॉरिस कॉर्नेलमध्ये ग्रॅज्युएट विद्यार्थी, त्याने एक वर्म (नेटवर्कवरून आपणहून पसरणारा प्रोग्रॅम) सोडला, तोही एमआयटीच्या मशीनवरून म्हणजे कॉर्नेलचं नाव येऊ नये. आधीच लागण झालेल्या मशीनवर परत शिरू नये असं ठरवलं होतं, पण कोणी "मी आधीच आहे" असं खोटं उत्तर देऊन त्याला फसवेल म्हणून सातातून एकदा तरीही शिरायचं असं घातलं. तिथेच फसलं, एकेका मशीनवर इतक्या कॉपी झाल्या की मशीनं बसली. साधारण सहा हजार मशीनं असा तेव्हाचा अंदाज सांगतात. त्याला तीन वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि दहा हजार डॉलरवर दंड. पुढे तोच एमआयटीत प्रोफेसर झाला. दहा मशीनांचं बंद जाळं घेऊन आधी तिथे चालवलं असतं तर तो सातातला एक पहिल्या तासात दिसला असता असं माझं मत.

लॅबवाल्या_मॅडम
प्रोफेसर झाला हेच तेवढं लक्षात ठेवतील बघा ही पोरं :)

गंमत सोडा. पेठेतली_पोरगी म्हणतेय ते "डेटा कोणाचा" मला पटलं, एवढं स्पष्ट मांडलं तर मी सही करेन. पण माझ्या तीन अटी, त्या कागदावर हव्यात. प्रत्येकाचं वेगळं अकाउंट, क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन करून ठेवलेला रूटचा पासवर्ड मला परत दिसला तर मी स्वतः केबल काढेन. दुसरं, जूनमध्ये कमिटी बदलते त्या आठवड्यात जुन्यांची अकाउंट बंद, कितीही लाडका दादा असो, त्याला मदत करायचीच असेल तर फोन आहे. तिसरं, लॉग क्लबच्या मशीनवर नकोत, बाहेर जायला हवेत.

नवीनच_आलोय
मॅडम लॉग बाहेर कशाला? म्हणजे आमच्यावर नजर ठेवायला?

लॅबवाल्या_मॅडम
नाही रे बाळा. आत शिरणाऱ्याच्या हातात रूट आलं की तो पहिल्यांदा लॉग पुसतो. मग काय झालं ते कळत नाही आणि संशय तुमच्यापैकीच कोणावर तरी येतो. त्या दिवशी तो लॉगच तुझ्या बाजूने बोलणार आहे.

जुनंखोड
मॅडमना शंभर मार्क. आरसिसलॉग या प्रोग्रॅमने लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा, त्या मशीनची किल्ली मॅडमसारख्या कोणाकडे. किती दिवस ठेवायचे हा वाद घालूच नका, सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवस आहेत, तोच आकडा उचला, एचओडींना सरकारी आकडा दिसला की बरं वाटतं. त्यातच घटना सहा तासांत कळवायची असंही आहे, तेव्हा मायनर दिसला तर आधी कोणाला फोन करायचा ते नाव आणि नंबर रॅकवर चिकटवून ठेवा. आणि सेटिंगच्या ईटीसी फोल्डरवर ईटीसीकीपर लावा, कोणी कधी कुठली सेटिंग बदलली ते गिटमध्ये (फाइलींमधले बदल नोंदवणारं साधन) राहतं.

कर्नल_पॅनिक
भेटून आले. एचओडी सर अर्धा तास काही बोलले नाहीत, मग पहिला प्रश्न "डॉकर ग्रुपाचं हे खरंय का?" करून दाखवलं. नंतर सूर बदलला.

मिळालं ते असं: फॉर्म कॉलेजच्या सिस्टिमवर गेले. जुन्या मशीनवर प्रॉक्समॉक्स, वेगळा व्हीलॅन, पोरांना आपापल्या व्हर्च्युअल मशीनवर रूट. वेबसाईटच्या मशीनवर जोडीने काम, पण ते एक सेमिस्टर ट्रायल म्हणून, आणि रूट सध्या कोऑर्डिनेटर धरून तिघांकडेच. मला पाच हवे होते, नाही मिळाले. मोडतोडीच्या शनिवारला मात्र सर स्वतः येणार म्हणाले, त्यांना आयनोडचं माहीत नव्हतं असा मला दाट संशय आहे. एनमॅपची लेखी परवानगी प्रिन्सिपलकडे गेलीये, ती कधी परत येईल ते गणपतीच जाणे.

एकच अडचण. व्हीलॅनमधून बाहेर जायचं तर फक्त प्रॉक्सीतून (मधल्या एका सर्व्हरमार्फत), त्यामुळे पॅकेज उतरवणारं ॲप्टसुद्धा चालत नाहीये. आणि सगळ्यांनी एकदम अपडेट मारलं तर आयटी सेल परत केबल काढेल.

जुनंखोड
एका व्हर्च्युअल मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी टाका, ३१४२ पोर्टवर ऐकतं, त्याला एकट्याला प्रॉक्सी सांगा आणि बाकी सगळ्यांना त्याच्याकडे वळवा. एकदा आलेलं पॅकेज परत बाहेरून उतरत नाही.

कर्नल_पॅनिक
३१४२ चाललं! डॉकर पुल (इमेज उतरवणं) मात्र अजून लटकतंय, शेलमध्ये प्रॉक्सी सेट केलाय तरी.

नवीनच_आलोय
ताई ते मला माहितीये, इमेज डॉकरचा डिमन, म्हणजे मागे चालू असलेली सर्व्हिस, ओढतो आणि तो तुमच्या शेलचा प्रॉक्सी बघत नाही. सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारं) डॉकरच्या सर्व्हिसला प्रॉक्सी वेगळा द्यायचा, मग डिमन रीलोड करून डॉकर रीस्टार्ट. चालत्या कंटेनरकडे आधी बघा, रीस्टार्टला ते पडतील.